कामठीचे चर्च, पलटणीचे दप्तर: नागपुरातून पूर्वजांचा माग कसा काढावा

नागपूर-कामठी भागातील कितीतरी कुटुंबांत ‘आमचे खापरपणजोबा पलटणीत होते’ एवढे एकच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. पलटण कोणती, ते मूळचे कुठले, त्यांचे लग्न कोणत्या चर्चमध्ये लागले, यातले काहीही त्या वाक्यासोबत आलेले नसते. अशा कुटुंबांसाठी चर्चच्या नोंदवह्या आणि लष्करी सेवेची कागदपत्रे हे दोन मोठे आधार आहेत, आणि नागपूर परिसरात ते दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण इथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीचा मोठा भाग छावणीच्या आश्रयानेच वाढला.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. जुनी नोंद आपल्या आडनावाप्रमाणे किंवा आपल्या गावाप्रमाणे लावून ठेवलेली नसते. ती जिने लिहिली त्या संस्थेच्या रचनेप्रमाणे ठेवलेली असते. म्हणून ‘पणजोबा नागपूरचे, तेव्हा कागद नागपुरातच असणार’ हा तर्क बहुधा फसतो. प्रत्येक टप्प्यावर तीन प्रश्न विचारावेत: ही नोंद कोणी लिहिली, तिची प्रत त्याला कोणाकडे पाठवावी लागत होती, आणि ते वरचे कार्यालय पुढे कुठे गेले. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की शोधाची दिशा आपोआप ठरते.

घरातले कागद आधी

सुरुवात स्वतःपासून करून एकेक पिढी मागे जावे. कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीसाठी वहीत स्वतंत्र पान ठेवावे आणि प्रत्येक माहितीसमोर ती कोणी सांगितली किंवा कोणत्या कागदावरून घेतली हे लिहावे. हे कंटाळवाणे वाटते, पण वर्षभराने एकाच आजोबांच्या तीन जन्मतारखा समोर आल्या की कोणती कुठून आली हे सांगणारे दुसरे काही हाताशी नसते.

घरातील वडीलधाऱ्यांना ‘आपले मूळ गाव कोणते’ असा थेट प्रश्न विचारला तर बहुधा ऐकीव उत्तर मिळते. त्याऐवजी आजीला विचारावे की पेन्शन कुठून यायची, ती आणायला कोण जात असे, रविवारी कोणत्या चर्चला जात होते, तिथे प्रार्थना मराठीत होत असे की तमिळ-तेलुगूत की इंग्रजीत, आणि घरातले मयत कोणत्या कब्रस्तानात पुरले जात. ही उत्तरे पुढे पंथ, पॅरिश (एका चर्चच्या अखत्यारीतील परिसर) आणि पलटण ठरवायला कामी येतात. त्यासोबत पेट्या उघडून बाप्तिस्म्याचे दाखले, कौटुंबिक बायबलची पहिली-शेवटची कोरी पाने, डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, टोपीवरचा बिल्ला दिसेल असे फोटो आणि पदके शोधावीत.

पदक सापडले तर त्याची किनार नीट पाहावी. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या किनारीवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना बहुतेक पदके नाव न कोरता दिली गेली, पण भारतीय सैनिकांच्या पदकांवर नावे कोरली गेली, हे आपल्या दृष्टीने मोठे भाग्यच म्हणायचे. किनार पॉलिशने घासू नये. उन्हात पदक तिरपे धरून भिंगातून वाचावे आणि मोबाइलने चारही बाजूंनी फोटो घ्यावेत. काशाचे ब्रिटिश वॉर मेडल हाती आले तर ते लढवय्या शिपायाचे नसून फौजेसोबत काम करणाऱ्या मजूर, खेचरवाले किंवा इतर बिनलढाऊ माणसाचे असण्याचा संभव आहे. घरात ‘सुभेदार’ म्हणून सांगितले गेलेले पणजोबा कागदावर भिस्ती निघाले तर वाईट वाटून घेऊ नये. खरी नोंद हाती लागली हे महत्त्वाचे.

पॅरिश कोणती, हे कसे ठरवावे

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली आणि १८२१ साली कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसली. ही छावणी दीर्घकाळ मद्रास सैन्याच्या (इंग्रजांच्या मद्रास इलाख्याच्या फौजेच्या) ताब्यात होती. म्हणूनच कामठीत तमिळ आणि तेलुगू बोलणारी जुनी ख्रिस्ती घराणी आढळतात, आणि म्हणूनच इथल्या धार्मिक नोंदींचा ओघही बराच काळ मद्रासकडे वाहिला. नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला, आणि नागरी कारभार वेगळ्या वाटेने गेला. एकाच कुटुंबाच्या नोंदी दोन-तीन प्रशासनांत विखुरण्याचे कारण हे आहे.

पंथानुसार विचार करता चित्र असे दिसते. अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) पंथासाठी नागपूरच्या सदर भागातील ऑल सेंट्स कॅथेड्रल हे मुख्य ठिकाण आहे. १९०३ साली नागपूरला एअर चॅटर्टन हे पहिले अँग्लिकन बिशप आले, त्याआधी हा भाग कलकत्त्याच्या धर्मप्रांतात मोडत असे. कॅथोलिकांचा नागपूर धर्मप्रांत १८८७ साली स्वतंत्र झाला. तोवर इथला कारभार विशाखापट्टणमच्या मिशनकडून चालत होता. सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल सदरमध्येच आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले आणि त्यांच्या मिशनमधून मराठी भाषक ख्रिस्ती मंडळी उभी राहिली.

आज जे ‘सी.एन.आय. चर्च’ म्हणून ओळखले जाते ते १९७० पूर्वी काय होते, हे विचारायला बरेच जण विसरतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच झाली आणि तीत अँग्लिकनांसह निरनिराळ्या सहा पंथांची मंडळी एकत्र आली. तेव्हा पणजोबांचे चर्च शोधताना आजची पाटी पाहू नये, त्या काळातला पंथ पाहावा. एकत्रीकरणानंतर काही लहान चर्चच्या वह्या मोठ्या चर्चमध्ये किंवा धर्मप्रांताच्या कार्यालयात गेल्या असू शकतात, म्हणून मूळ चर्चमध्ये वही नाही असे कळले की ‘मग ती कुठे जमा झाली असेल’ हा पुढचा प्रश्न तिथेच विचारावा.

नोंदवहीसमोर बसताना

पॅरिश प्रिस्ट किंवा पास्टर यांना आधी लेखी अर्ज द्यावा. अर्जात आपले नाव, ज्यांची नोंद हवी त्यांच्याशी असलेले नाते, नोंदीचा प्रकार आणि दहा वर्षांपेक्षा मोठा नसलेला काळ नमूद करावा. सोबत ओळखपत्राची प्रत जोडावी. ‘आमच्या घराण्याची सगळी माहिती द्यावी’ असा अर्ज बाजूला पडतो. ‘१९०५ ते १९१२ या काळातील अमुक नावाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याची नोंद’ असा अर्ज मार्गी लागतो. नाताळच्या आणि ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत कोणालाही वेळ नसतो, हे ध्यानात ठेवावे. वही पाहण्याची परवानगी मिळाली तर हात कोरडे ठेवावेत, पाने वरच्या कोपऱ्यातून उलटावीत आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. चर्चला देणगी अवश्य द्यावी, पण ती काम झाल्यानंतर आणि पावती घेऊन.

माझ्या मते या टप्प्यातील सर्वांत उपयोगी सूचना ही: छापील दाखल्यावर समाधान मानू नये, मूळ नोंदीची समासासह संपूर्ण नक्कल मागावी. दाखल्यात नाव, तारीख आणि आईवडील एवढेच उतरते. मूळ पानावर त्यापलीकडे बरेच असते. अँग्लिकन बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचा धंदा किंवा हुद्दा आणि राहण्याचे ठिकाण असते. लग्नाच्या नोंदीत वधूवरांची वये, आधीचे लग्न झाले होते की नाही, दोघांच्या वडिलांची नावे आणि साक्षीदारांच्या सह्या असतात. कॅथोलिक वहीत बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात त्याच व्यक्तीच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण लिहिण्याची पद्धत आहे. कामठीत बाप्तिस्मा झालेल्या मुलाचे लग्न सिकंदराबादला किंवा जबलपूरला झाले असेल, तर तो धागा केवळ त्या समासात सापडू शकतो.

जुन्या कॅथोलिक नोंदी लॅटिनमध्ये असतात, पण त्यांचा साचा ठरलेला असतो. ‘फिलिउस’ म्हणजे मुलगा, ‘फिलिया’ म्हणजे मुलगी आणि ‘पात्रिनी’ म्हणजे धर्ममातापिता, एवढ्या शब्दांवर निम्मे पान लागते. नावेही लॅटिन रूपात येतात, म्हणून जोसेफ हा ‘जोसेफस’ आणि जॉन हा ‘जोआनेस’ दिसेल. धर्ममातापित्यांची नावे नेहमी उतरवून घ्यावीत, कारण ते बहुधा मामा, मावशी किंवा त्याच पलटणीतील शेजारी असतात, आणि आडनाव न वापरणाऱ्या घराण्यात ‘हाच तो माणूस’ हे ठरवायला त्यांचाच आधार मिळतो.

लंडनला गेलेली प्रत

वाळवी, पुराचे पाणी किंवा हलगर्जीपणा यांमुळे मूळ वही नष्ट झाली असेल तरी वाट संपत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतर सरकारच्या चॅप्लेनना (पगारी पाद्र्यांना) आपल्या नोंदींच्या प्रती वरच्या कार्यालयाकडे पाठवाव्या लागत आणि तिथून त्या लंडनला जात. १६९८ पासून १९४८ पर्यंतचा हा संग्रह आज ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि तो बंगाल, मद्रास व मुंबई अशा तीन भागांत विभागलेला आहे. कामठीसाठी आधी मद्रासचा भाग पाहावा, तिथे न मिळाल्यास बंगालचा. ‘नागपूर महाराष्ट्रात आहे’ म्हणून थेट मुंबईकडे वळणाऱ्याचा वेळ वाया जाण्याचीच शक्यता जास्त.

या संग्रहाची मर्यादाही स्पष्ट आहे. तो प्रामुख्याने युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांचा आहे. भारतीय ख्रिस्ती कुटुंबे त्यात कमी आहेत, आणि कॅथोलिक नोंदी तुटक आहेत. या नोंदींच्या सूची फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात, फाइंडमायपास्टवर पैसे भरून मूळ पानांच्या प्रतिमा पाहता येतात, आणि फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या संकेतस्थळावरही मोफत शोधता येते. शोधताना कामठी ‘कॅम्प्टी’ म्हणून, नागपूर ‘नागपोर’ म्हणून आणि चंद्रपूर ‘चांदा’ म्हणून लिहिले जात असे हे लक्षात ठेवून जुन्या नकाशावरील इंग्रजी स्पेलिंग टाकावे.

१८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानंतरच्या लग्नांची आणखी एक प्रत असते: चर्चला त्या नोंदी ठरावीक मुदतीने सरकारी निबंधकाकडे पाठवाव्या लागत. त्यामुळे १८७२ नंतरच्या लग्नासाठी चर्चमध्ये निराशा झाली तर जन्म-मृत्यू-विवाह महानिबंधकांच्या कार्यालयाकडेही विचारणा करावी.

धंद्याच्या रकान्यातून पलटणीकडे

चर्चचा शोध आणि लष्करी शोध यांचा सांधा म्हणजे ‘वडिलांचा हुद्दा’ हा रकाना. तिथे ‘ड्रमर’, ‘नाईक’, ‘हवालदार’, ‘पेन्शनर’ असा एक शब्द आणि त्यापुढे पलटणीचा क्रमांक मिळाला की अर्धे काम झाले. नुसता ‘ड्रमर’ हा शब्दही बोलका आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीने मिश्र वंशाच्या लोकांना सैन्यात लढवय्ये म्हणून घेणे बंद केले आणि त्यांच्यासाठी ढोल-फायफ वाजवणारे, बँडवाले, नालबंद अशी कामे तेवढी उरली. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या भागातील कामठीच्या वहीत ड्रमर दिसला तर ते कुटुंब युरोपीय किंवा पोर्तुगीज नाव लावणारे मिश्र वंशाचे असण्याची शक्यता तपासावी.

समजा, एका जोडप्याच्या चार मुलांच्या नोंदी मिळाल्या. पहिल्याचा बाप्तिस्मा बळ्ळारीला, दुसऱ्याचा सिकंदराबादला, तिसऱ्या मुलीचा ब्रह्मदेशातील मोलमीनला आणि चौथ्याचा कामठीला. ही चार ठिकाणे तारखांसह एका ओळीत मांडावीत आणि मद्रास सैन्यातील कोणती पलटण त्या त्या वर्षी त्या त्या छावणीत होती हे पलटणींच्या छापील इतिहासांत आणि त्या काळच्या आर्मी लिस्टमध्ये (सैन्याच्या छापील अधिकृत यादीत) पडताळावे. दोन ठिकाणे जुळणाऱ्या पलटणी पाच-सहा निघतील, चारही जुळणारी बहुधा एकच. वहीत पलटणीचे नाव नसतानाही ती अशा रीतीने सापडते, आणि मला तरी या सगळ्या उद्योगातला हा भाग सर्वांत रंगतदार वाटतो.

रेल्वेच्या कुटुंबांनीही हा रकाना पाहावा. १८६७ साली जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे नागपूरला पोहोचली आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वे आली. त्यांतील अनेक अँग्लो-इंडियन कर्मचारी नागपूर रायफल्ससारख्या स्वयंसेवक (अर्धवेळ) पलटणींत होते. अशा माणसाचा घरातला गणवेशातील फोटो पाहून त्याला पूर्णवेळ सैनिक समजले जाते आणि शोध भलतीकडे जातो.

पलटणीचे आजचे नाव

जुन्या पलटणीचा क्रमांक हाती आला तरी त्या नावाची पलटण आज नसते. १८९५ साली बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांची सैन्ये एक झाली. १९०३ साली लॉर्ड किचनर यांच्या काळात पलटणींना सलग क्रमांक दिले गेले, तेव्हा मद्रासच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकात साठ मिळवले गेले आणि मुंबईच्या क्रमांकात शंभर; म्हणजे मद्रासची पहिली ती एकसष्ठावी झाली आणि मुंबईची तिसरी ती एकशे तिसरी. १९२२ साली पुन्हा फेररचना होऊन अशा पलटणी मोठ्या रेजिमेंटांत गोवल्या गेल्या. एकशे तिसरी मराठा त्या वेळी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली. १९४७ साली फाळणीत काही रेजिमेंटा पाकिस्तानकडे गेल्या.

महार समाजातील कुटुंबांनी कालखंडाकडे विशेष लक्ष द्यावे. मुंबई सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्या नावांना ‘नाक’ हा प्रत्यय लागलेला आढळतो. कोरेगावच्या स्तंभावरही तशी नावे आहेत. १८९० च्या दशकाच्या आरंभी ही भरती बंद झाली. १९१७ साली एकशे अकरावी महार पलटण उभी राहिली, ती युद्धानंतर काही वर्षांतच मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला सुरू झाली आणि तिची दुसरी बटालियन कामठीत उभी राहिली. म्हणून ‘आजोबा महार पलटणीत होते’ हे वाक्य १९२५ किंवा १९३५ च्या सेवेबद्दल असेल तर ते दुसऱ्या एखाद्या खात्यात असावेत असे धरून नव्याने पाहावे.

रेकॉर्ड ऑफिसला अर्ज

शिपाई ते सुभेदार या हुद्द्यांची सेवापत्रके त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात: महार रेजिमेंटची मध्य प्रदेशातील सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावला, मद्रास रेजिमेंटची वेलिंग्टनला, बॉम्बे सॅपर्सची खडकीला, ग्रेनेडिअर्सची जबलपूरला. कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आणि रेकॉर्ड ऑफिस आहे, पण ही रेजिमेंट १९४९ साली निर्माण झाली. केवळ घराजवळ आहे म्हणून दुसऱ्या महायुद्धातील भलत्याच पलटणीच्या आजोबांची चौकशी तिथे केली तर उत्तर नकारार्थीच येणार. अधिकाऱ्यांची कागदपत्रे रेजिमेंटकडे नसून दिल्लीला सेना मुख्यालयाच्या अखत्यारीत असतात.

अर्जात सेवा क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, भरतीचे आणि निवृत्तीचे अंदाजे वर्ष, त्या काळचे गाव-तहसील-जिल्हा आणि आपले नाते लिहावे. नात्याच्या पुराव्यासाठी वंशावळीचे शपथपत्र, मृत्यू दाखला आणि आपल्या ओळखपत्राची प्रत जोडावी. क्रमांक माहीत नसेल तर पेन्शन पेमेंट ऑर्डर शोधावी, कारण तीवर तो असतो. तीही नसेल तर नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या नोंदी पाहता येतात का ते विचारावे. शक्य असल्यास ‘शीट रोल’ची प्रत मागावी. भरतीच्या वेळी लिहिलेल्या या पत्रकात वडिलांचे नाव, गाव, जात-धर्म, उंची, शरीरावरील खुणा आणि वारसाचे नाव असते, आणि पुढे बदल्या व मोहिमा नोंदल्या जातात.

उत्तर आले नाही तर पंचेचाळीस दिवसांनी स्मरणपत्र पाठवावे. माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते, परंतु वैयक्तिक माहिती म्हणून तो नाकारला जाऊ शकतो. म्हणून आधी वारस या नात्याने साधा अर्ज आणि मगच माहितीचा अधिकार, हा क्रम ठेवावा.

ब्रिटिश रेजिमेंटमधील पूर्वजासाठी लंडनजवळील क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्ज आणि कंपनीच्या युरोपीय सैनिकासाठी ब्रिटिश लायब्ररी पाहावी. भारतीय शिपायांची सेवापत्रके तिथे मिळत नाहीत.

महायुद्धात मृत्यू झाला असल्यास

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतील मृतांची सूची मोफत पाहता येते. भारतीय शिपायाच्या नोंदीत अनेकदा वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही असतो. आडनाव टाकून शोधू नये, कारण त्या काळी शिपायाचे नाव एकेरी लिहिले जाई. त्याऐवजी अधिक माहितीच्या रकान्यात जिल्ह्याचे जुने स्पेलिंग टाकून यादी काढावी आणि ती सावकाश वाचावी. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) मृत्यू झालेल्यांसाठी बसरा स्मारकाची नोंद पाहावी. त्या स्मारकावर भारतीय शिपायांची नावे कोरलेली नाहीत, केवळ संख्या आहे, मात्र नावे सूचीत आहेत. भारतातील छावण्यांत मृत्यू पावलेल्या आणि ज्यांच्या कबरींची देखभाल शक्य राहिली नाही अशा सैनिकांची नावे खडकीच्या स्मारकावर आहेत. कामठीच्या जुन्या कब्रस्तानातील दगड प्रत्यक्ष वाचायचे असतील तर डिसेंबर-जानेवारीतील सकाळ निवडावी. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरे उठून दिसतात, आणि मे महिन्यात तिथे उभे राहण्याचा सल्ला कोणी नागपूरकर देणार नाही.

जुळवणी, आणि चर्चच्या आधीचा काळ

एकाच नावाची दोन माणसे असणे हे या शोधातले नेहमीचे संकट आहे. नाव, वडिलांचे नाव आणि ठिकाण यांपैकी किमान दोन गोष्टी परस्परांशी संबंध नसलेल्या दोन कागदांत जुळल्याशिवाय नाते पक्के धरू नये. भरतीच्या वेळचे वय बहुधा अंदाजाने लिहिलेले असते आणि बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नसते. प्रौढपणी धर्मांतर झाले असेल तर दोहोंत वीस-तीस वर्षांचे अंतर असू शकते.

धर्मांतरापूर्वीच्या पिढ्यांसाठी गावाच्या दप्तराकडे वळावे लागते. विदर्भात कोतवाल बुकातील (गावच्या कोतवालाच्या वहीतील) जन्म-मृत्यूच्या नोंदी, पुढच्या काळातील गाव नमुना चौदा, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि जुन्या बंदोबस्ताचे (जमीन महसूल आकारणीचे) कागद हे यासाठी नेहमीचे आधार आहेत. त्यांच्या नकला तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतात. मध्य प्रांताच्या सचिवालयाची कागदपत्रे पाहायची असल्यास नागपूरच्या पुराभिलेखागारासोबत भोपाळचाही विचार करावा, कारण १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातील अनेक अनाथ मुले मिशनच्या आश्रमांत आली आणि तिथे त्यांना नवी नावे मिळाली. अशा पूर्वजाची नोंद पॅरिशच्या वहीत आईवडिलांच्या नावांशिवाय असू शकते. तिथे न थांबता आश्रमाचे प्रवेश रजिस्टर मागावे, कारण मूल कोणत्या गावाहून आणि कोणासोबत आले हे लिहिले गेलेच असेल तर तिथेच लिहिले गेले असेल. आणि ते इथे नसेल तर मिशनच्या मायदेशातील मुख्यालयाच्या संग्रहाला आश्रमाचे नाव, वर्ष आणि मुलाचे नवे नाव देऊन पत्र लिहावे.